सहा प्लेटा

रविवार, ५ मार्च २००६

जीनला मी खोटं का सांगितलं? सकाळपासून स्वतःला विचारते आहे. खरंच सांगता येत नाही.

गावाबाहेरच्या हॉलमध्ये जुन्या क्रोकरीचा फेअर होता. मी नेहमीसारखी थॉर्नलीच्या प्लेटा शोधत होते. मलईच्या रंगावर कडेने निळी वेल, मधोमध एक तपकिरी चंडोल. कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झाली, त्यामुळे एकेक प्लेट शोधून काढावी लागते. माझ्याकडे मोठ्या पाच झाल्या आहेत. जीन ब्रॅडली सत्तरीच्या पुढची, थॉर्नली जमवणाऱ्यांचा क्लब चालवते, त्यांचं तिमाही पत्रक काढते. प्लेट पारखायला मला तिनेच शिकवलं. आधी उलटी करून मागचा शिक्का बघायचा. मग तीन बोटांवर तोलून कडेला नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा आवाज आला तर प्लेट धड. ठस्स आला तर कुठेतरी बारीक चीर आहे.

आज ती म्हणाली, "आम्ही सगळे म्हातारे, आणि तू एवढी तरुण मुलगी. तुला हाच पॅटर्न का गं हवा असतो?"

आणि मी म्हणाले, "आमच्या घरी हाच सेट होता. पुण्याला. माझ्या आजीचा."

यात खरं फक्त पुणं. सेट प्रभात रोडच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात होता. ते शिकायला इथे इंग्लंडला होते तेव्हा घेऊन आलेले. आई तिथे धुणंभांडी करायची. शाळा सुटली की मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे आणि आई त्या प्लेटा पुसून, मधे मधे कापड घालून, एकावर एक रचायची. आणि माझी आजी बांधकामावर विटा वाहायची. ती जर्मनच्या ताटलीत जेवायची. ती ताटलीही एका बाजूने चेपलेली होती.

"आई जिथे कामाला होती तिथे हा सेट होता." एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. मी शेजवळांच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. ऑफिसमध्ये शंभर-शंभर पानांचे टेस्ट रिपोर्ट लिहिते. रोज सकाळी पंचशील म्हणते, त्यात मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे येतंच. आजही म्हटलं होतं, फेअरला निघायच्या आधी.

जीनला फार कौतुक वाटलं. म्हणाली, मेच्या अंकासाठी यावर लिहून दे ना.

मी हो म्हणाले.

शनिवार, १८ मार्च

लेख दिला. आठशे शब्द. आजी दिवाळीला या प्लेटांमध्ये सगळ्यांना वाढायची, पोरांनी हात लावला तर ओरडायची, असं लिहिलं आहे. ओरडायच्या त्या बंगल्यातल्या वहिनी, डॉक्टरांच्या बायको. फक्त माणूस बदललं, बाकी सगळं खरंच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण टाइप केलेलं परत वाचवेना.

कॉलेजात असताना मी वस्तीतल्या मुलींचे वर्ग घ्यायचे. त्यांना सांगायचे, आपले आईबाप काय काम करतात ते मान वर करून सांगत जा. त्यातल्या एकीच्याही हातात हा लेख कधी पडणार नाही, हे मनात येऊन मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते आहे.

आईचा व्हिसा आला. ८ एप्रिलला येते. बाबांचे गुडघे धरलेत, ते येत नाहीत.

रविवार, २ एप्रिल

सहावी प्लेट मिळाली! एका चॅरिटी शॉपमध्ये, केक ठेवायच्या स्टँडखाली दबलेली. टिचकी मारली आणि दुकानातल्या बाईने मान वर करून बघितलं, इतका सुंदर आवाज.

आता ठरवून टाकलं. ईस्टर मंडेला, १७ तारखेला, सगळ्यांना दुपारी जेवायला बोलवायचं. बाबासाहेबांची जयंतीही त्याच्या तीनच दिवस आधी. जीन आणि तिचा नवरा केन. वेम्बलीहून यादवराव काका आणि सुप्रभाताई. मी या देशात आले तेव्हा पहिला महिना त्यांनीच मला घरात ठेवून घेतलं होतं. ऑफिसातली मालविका, ती इथेच, लंडनच्या पिनर भागात जन्मली-वाढली, तिचे आजी-आजोबा पुण्याच्या शनिवार पेठेतले. आणि मी. बरोबर सहा! वेगळ्या देशांची, वेगळ्या जातींची, वेगळ्या वयांची माणसं एका टेबलाला, एकसारख्या प्लेटांत. मला आयुष्यात जे काही करायचं आहे त्याचं हे लहानसं रूप आहे असं वाटतं.

आईला मटण करायला सांगेन. आणि भाकरी. तिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं पाहिजे.

सोमवार, १० एप्रिल

आई आली. विमानतळावर चपलेत मोजे घालून उभी होती आणि पहिलं वाक्य, "किती वाळलीस गं, इथे काय नुसता पाव खाता?" घरात आल्या आल्या ओटा पुसायला घेतला. मी फडकं काढून घेतलं तर म्हणाली, "अगं, हात रिकामा असला की मला चुकल्यासारखं होतं."

मग मी कपाट उघडून दाखवलं. या क्षणाची किती महिने वाट पाहत होते.

ती बघतच राहिली. "वहिनींच्या डिशा इथे कशा आल्या?"

"त्यांच्या नाहीत. तशाच आहेत. मी एक एक करून जमवल्या."

"कशाला?"

"तुझ्यासाठी," मी म्हणाले.

तिने एक हातात घेतली. "या पक्ष्याच्या चोचीपाशी वरण वाळलं की निघायचं नाही. नखाने खरवडावं लागायचं." मग म्हणाली, "धूळ बसलीय, धुऊन ठेवते." नळ सोडायच्या आधी तिने सिंकच्या तळाला टॉवेलची घडी अंथरली. हेच जीनने मला खास युक्ती म्हणून शिकवलं होतं! मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" तर हसली. "सांगायला कोण बसलंय? एक फुटली की काम गेलं. हाताला आपोआप कळतं."

जेवताना मात्र तिने बॅगेतून स्वतःची स्टीलची ताटली काढली. घरून आणली होती. "मला यातच बरं." जुनी सवय. सहातली एक काढून तिला वाढावी असं वाटलं, पण तिनेच धुऊन पुसून, पुढच्या सोमवारसाठी नीट रचून ठेवल्या होत्या. राहू दिलं.

लेखाचं तिला काही बोलले नाही. जीनला मराठी येत नाही, आईला इंग्रजी येत नाही. अडचण यायचं कारण नाही.

सोमवार, १७ एप्रिल

आज लिहीत नाही.

मंगळवार, १८ एप्रिल

ऑफिसला गेले नाही, बरं नाही म्हणून कळवलं. आई खाली शेजारणीच्या बागेत उभी आहे, खाणाखुणांनी गप्पा चालल्या आहेत. तेवढ्यात लिहून घेते.

सगळे वेळेवर आले. केनने ट्यूलिप आणले. यादवराव काकांनी जयंतीच्या कार्यक्रमातले पेढे आणले आणि दारातच आईला म्हणाले, "जयभीम ताई. तुमच्या लेकीने आमचं घर महिनाभर डोक्यावर घेतलं होतं, त्याची भरपाई म्हणून आज चार भाकरी जास्त खाणार." आई तोंडाला पदर लावून हसली. मालविका मटणाच्या वासाने वेडी झाली होती. "काकू, मी दोन टाइम घेणार, ममला नाही सांगायचा."

मी टेबल मांडलं. सहा खुर्च्या, सहा प्लेटा. सगळे बसले, मी वाढायला लागले, आणि काका म्हणाले, "रचना, ताईंचं पान कुठंय?"

मी म्हणाले, "आई नंतर बसेल. तिला तशीच सवय आहे."

हे मी म्हणाले. न थांबता, न अडखळता, हातात मटणाचा चमचा धरून. मला आणखी एक खुर्ची आणता आली असती, बेडरूममध्ये होती. दुसऱ्या प्लेटा होत्या, रोजच्या पांढऱ्या. माझ्या मनात एकच गोष्ट आली, की एक पांढरी प्लेट मधे आली तर मांडणी बिघडेल. ही खरी गोष्ट आहे म्हणून लिहिते.

काका आपली रिकामी प्लेट उचलून स्वयंपाकघरात गेले. सुप्रभाताई म्हणाल्या, "यांना ना, तव्यावरची भाकरी तव्याशेजारीच लागते," आणि जीनला इंग्रजीत ट्यूलिपबद्दल विचारायला लागल्या. आतून आईचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं, बरं झालं, आईला सोबत झाली.

मी रस्सा आणायला आत गेले तेव्हा काका स्टुलावर बसून आईच्या स्टीलच्या ताटलीत जेवत होते. आई पातेल्याच्या झाकणीत भाकरी कुस्करून उभ्याने खात होती. काकांची थॉर्नलीची प्लेट ओट्यावर कोरडी, तशीच.

"मी ताईंना माझी देत होतो," काका म्हणाले. "त्या म्हणतात, या डिशेत घास उतरत नाही."

आई म्हणाली, "तू जा बाई, बाहेर पाहुणे आहेत."

मी गेले. रस्सा घेऊन बाहेर गेले.

जेवणं झाल्यावर जीनने कॅमेरा काढला. लेखासोबत फोटो हवा होता. तिने आईला बोलावून घेतलं, तिच्या हातात एक प्लेट दिली आणि म्हणाली, सासूबाईंच्या प्लेटा इतक्या वर्षांनी पुन्हा हातात घेऊन कसं वाटतं, विचार ना तिला.

आईने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"प्लेटा छान ठेवल्यात म्हणतेय," मी म्हणाले.

मालविका शेजारीच होती. तिला वाटलं मी विसरले. बिचारी मदतीला आली. "नाही काकू, रचनाच्या लेखात आहे ना, म्हणून जीन विचारते, हा प्लेट्स तुमच्या सासूबाईचा होता ना? ती दिवाळीला सगळ्यांना याच्यात वाढायची ना? मग आता तुम्हाला कसा वाटतो?"

आईने माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. मग तिने ओले हात पदराला पुसले, प्लेट छातीशी सरळ धरली आणि जीनकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "येस. माय हाउस."

हे शब्द मीच तिला फोनवर शिकवले होते. इमिग्रेशनच्या माणसाने विचारलं तर म्हणायला.

फ्लॅश पडला. मालविका टाळ्या वाजवत होती. काका खिडकीतून बाहेर बघत होते.

गुरुवार, २० एप्रिल

दोन दिवस आम्ही दोघी हवा, भाजी, बाबांचे गुडघे यांवर बोललो. आज मी ऑफिसातून आले तर आई चहाचे कप घेऊन समोर बसली.

"त्या लेखात काय लिहिलंयस, वाच."

मी वाचला. मराठी करत करत. दिवाळीपर्यंत पोचले तेव्हा ती हसायला लागली. "तुझी आजी? या डिशेत? अगं, तिला एवढ्याशा भातात काय झालं असतं! डिशेसकट खाल्ली असती तिने." तिच्याबरोबर मीही हसले. मग तिने चहाचा घोट घेतला.

"विटांचं नाही लिहिलंस."

"नाही."

"म्हातारीच्या टाळूवरचे केस गेले होते पाट्या वाहून. त्या पैशावर तुझे बाबा सातवीपर्यंत शिकले, म्हणून तू एवढी शिकलीस. तिची लाज वाटली?"

मी म्हणाले, "तिची नाही. माझीच." हे उत्तर बरोबर आहे की नुसतं ऐकायला बरं आहे, मला माहीत नाही.

"मी येस म्हणाले ते चारचौघांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. मला काही आवडलं नाही ते."

मी म्हणाले, "आई, आणि टेबलावर... तुझं पान..."

"सहा डिशा मांडल्यास तेव्हाच मी मोजल्या. म्हटलं, पोरगी गडबडीत विसरली." तिने कप खाली ठेवला. "विसरलीस ना?"

"विसरले."

"बरं."

पण आत्ता लिहिताना मी २ एप्रिलचं पान उघडून बघितलं. तिथे मी माणसं मोजली आहेत, आणि त्याच्या खालच्याच ओळीत आईने काय रांधायचं ते लिहिलं आहे. विसरले असते तर तिचं नाव त्या पानावर आलंच नसतं. ती माझ्या डोक्यात होती. स्वयंपाकघरात होती.

बंगल्यातल्या वहिनी वाईट नव्हत्या, असं आई नेहमी सांगते. साडी द्यायच्या, माझी पुस्तकं त्यांनीच घेऊन दिली. त्यांच्याही डोक्यात आई होतीच की, स्वयंपाकघरात.

चहा संपता संपता मी तिला म्हणाले, "मी दुसरा लेख लिहू का? खरा?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू." मग कप विसळता विसळता, पाठ फिरवून म्हणाली, "लिहिलंस तर शशी लिहू नको मला. बंगल्यात शशी म्हणायचे. त्यांची पाच वर्षांची पोरसुद्धा, ए शशी."

शनिवार, २२ एप्रिल

काल अर्धा दिवस रजा घेऊन लेख लिहिला. जीनला फोन केला तेव्हा ती म्हणाली, अंकाचं पाकीट शनिवारी दुपारच्या टपालाने छापायला जातं. म्हणून आज सकाळच्या बसने आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. मी एकटी जाणार होते. आई म्हणाली, "फोटो माझा आहे ना? मग मी पण येते."

केनने चहा केला. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर बिस्किटांपर्यंत थांबले असते आणि मग राहून गेलं असतं. आजीचा सेट नव्हता. आमच्या घरात कोणी कधी या प्लेटांत जेवलं नाही. माझी आई त्या धुवायची.

जीन चमच्याने चहा ढवळत राहिली. म्हणाली, "मी तो लेख केनला दोनदा वाचून दाखवला होता." मग म्हणाली, "सुरुवातीलाच सांगितलं असतंस तर मला काही वाटलं नसतं गं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

मी नवे कागद दिले. तिने चष्मा लावून वाचले. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेचा निकाल लागावा तशी. शेवटच्या परिच्छेदाला जीन थांबली. तिथे मी लिहिलं आहे की मागच्या सोमवारी माझ्या घरी सहा जणांसाठी टेबल मांडलं, जेवण आईने रांधलं, आणि त्या सहांत मी तिला धरलं नव्हतं.

"मला वाटलं, तिला किचनमध्येच आवडतं," जीन म्हणाली.

"मीच तसं सांगितलं होतं."

"हा एवढा भाग काढू या का? बाकीचं ठीक आहे. आजीची ती खोटी गोष्टही नुसती गाळता येईल, कोणाच्या लक्षात येणार नाही. पण हे घरातलं आहे, डिअर. क्लबमध्ये लोक प्लेटांबद्दल वाचायला येतात."

मनातून मला हो म्हणायचं होतं. आईला हा परिच्छेद काल वाचून दाखवला होता, तेव्हा ती म्हणाली होती, एवढं कशाला. आत्ताही तिने काय चाललंय ते ओळखलं आणि हळूच म्हणाली, "काढ म्हणत असेल तर काढ. त्यांचं पुस्तक आहे."

मी जीनला म्हणाले, "छापायचं तर पूर्ण छापा. नाहीतर काहीच नको."

क्लबच्या मे महिन्याच्या सभेत मी बोलावं असं जीनने ठरवलं होतं. तो विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. मग तिने टेबलावरून पाकीट ओढून घेतलं, जुना लेख बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला, आणि फोटो पुढे केला. "खाली काय छापायचं ते मागे लिही. नाव स्पष्ट लिही, छापखान्याचा मुलगा नेहमी चुकतो."

फोटोत आई सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. मी फोटो पालथा घातला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मिसेस शशिकला मुरलीधर शेजवळ, पुणे. या प्लेटा यांच्या घरच्या नाहीत. यांनी अशा प्लेटा एका घरी अकरा वर्षं धुतल्या. लिहिलेलं आईला मराठीत सांगितलं. तिने बोट ठेवून विचारलं, "यात माझं नाव कुठपर्यंत?" मी दाखवलं. तिने मान हलवली.

जीनने नवे सगळे कागद आणि फोटो आत घालून पाकीट बंद केलं, पण कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत ते मीच नेलं. टपालाची बाराची गाडी यायला पाच मिनिटं होती. आई बसस्टॉपवर उभी होती. मी पाकीट आत सोडलं, आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत हात फटीतच ठेवला.